बोटीवर नेलेली पाच वाक्यं

नवरा गेल्यानंतर दहा महिन्यांनी मी त्याच्या मित्रांबरोबर एका छोट्या, महागड्या बोटीवर अकरा दिवस राहून आले. आयर्लंडच्या दक्षिण टोकाला चढायचं आणि केल्टिक लोकांच्या जुन्या किनाऱ्यांना, बेटांना शिवत स्कॉटलंडच्या वर पोहोचायचं, असा तो प्रवास होता. सगळ्यांनी असं धरलं की त्याची राहून गेलेली इच्छा मी पुरी करते आहे. आम्ही राहतो त्या ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या बायका माझ्याशी फोनवर आवाज खाली आणून बोलायच्या. मी कोणाचा समज दुरुस्त केला नाही. मी गेले होते ते आमच्या ग्रुपमधल्या डॉक्टरांकडून एक वाक्य काढून घ्यायला. 'त्याने मला वेळेवर सांगितलं होतं आणि मी गॅस म्हणालो.' तेवढं त्यांनी सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. बाकी समुद्र, पक्षी, दगड हे मला फुकट मिळालं आणि मी त्यातलं फारसं घेतलंही नाही.

डॉक्टर हृदयाचे. आमचा चार जोडप्यांचा ग्रुप तीस वर्षांचा, मुलं पाळण्यात असल्यापासूनचा, आणि त्यात डॉक्टर हे एकच डॉक्टर. आपल्या लोकांत ज्याच्या ओळखीत डॉक्टर असतो तो दवाखान्याची पायरी चढत नाही. अमेरिकेत आल्यावर ही सवय सुटायला हवी होती, ती उलट वाढली. इथे अपॉइंटमेंट कधीतरी पुढच्या महिन्यात मिळते, गेल्यावर फॉर्म भरावे लागतात आणि आतला माणूस घड्याळाकडे बघत बोलतो. त्यापेक्षा शनिवारी कोणाकडे तरी पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असतंच. तिथे स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून डॉक्टर उभे असायचे, एका हातात ग्लास. दुसऱ्या हाताने ते कोणाचा गुडघा दाबून बघायचे, कोणाच्या डोळ्याची पापणी खाली ओढायचे. 'डॉक्टर, जरा बघा हो' असं कोणी म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. आणि हृदयाचं काही नसलं, की त्यांच्या लेखी ते गॅसेस असायचे.

माझा नवरा तेल कंपनीत भूभौतिकीचं काम करायचा. समुद्राच्या तळाखालचे खडक कसे वळले आहेत, हे आलेखांवरून वाचण्यात त्याची नोकरी गेली. दिवाळीच्या फराळाला आम्ही डॉक्टरांकडे जमलो होतो. तिथे त्याने ओट्यापाशी जाऊन सांगितलं की जेवल्यावर बरगड्यांखाली मूठ ठेवल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी सोमवारी त्याला क्लिनिकमध्ये बोलावून कार्डिओग्राम काढला. संध्याकाळी मला फोन केला. "वहिनी, हार्ट फर्स्ट क्लास आहे. तेल शोधता शोधता साहेबांच्या पोटात गॅस सापडलाय." नवरा हा विनोद पुढे महिनाभर स्वतःच सगळ्यांना सांगत होता. डॉक्टरांनी सॅम्पलच्या कॅप्सूल दिल्या. त्या संपल्या की दुसऱ्या दिल्या. मी ओव्याचं पाणी करून द्यायचे, वरणात हिंग जास्त घालायचे.

असे सात महिने. मग एका सकाळी दाढी करताना त्याने मला हाक मारली, आणि आरशात त्याचे डोळे पिवळे दिसले. इमर्जन्सीमध्ये स्कॅन झालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. नऊ आठवडे मिळाले.

अंत्यसंस्काराच्या हॉलमध्ये डॉक्टर बोलायला उभे राहिले. ते चांगलं बोलतात. मित्राच्या आठवणी सांगितल्या, लोक हसले, रडले. शेवटी म्हणाले, "हे इतकं अचानक झालं. कोणालाच काही कळायची संधी मिळाली नाही." मी पहिल्या रांगेत होते. त्या दिवशी मला मृत्यूचा राग आला नव्हता, देवाचा आला नव्हता. त्या 'अचानक'चा आला. नंतर जो भेटेल तो तोच शब्द म्हणायला लागला. डॉक्टरांनीच सांगितल्यावर तो सगळ्यांचा झाला.

मी कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी केली. पुस्तकांच्या नोंदी करता करता रोज स्वतःच्याही चार ओळी लिहायची सवय लागली. तो गेल्यावर त्या वह्या काढल्या, तर त्यात त्याची दुखणी त्याच्याच शब्दांत होती. मी तेव्हा लिहून ठेवली होती आणि लिहून झाल्यावर विसरले होते. दिवाळीपासून मेपर्यंत पाच वाक्यं. ती मी एका कागदावर उतरवून काढली आणि पाठ केली.

बोटीचं बुकिंग त्याच्या आजाराच्या आधीचं होतं, आठही जणांचं. डॉक्टरांनी वसंतात फोन केला. "वहिनी, तुम्ही यायलाच पाहिजे. त्याला किती हौस होती." हौस होती हे खरं. स्कॉटलंडच्या वायव्येला एका बेटावर जगातल्या फार जुन्या खडकांपैकी एक उघडा पडलेला आहे, त्याला एकदा हात लावायचा, असं तो म्हणायचा. मी येते म्हटलं.

मुलगी दुसऱ्या राज्यात, चँडलरला असते, कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत. तिला फोनवर सांगितलं.

"आई, यू डोन्ट हॅव टु. कॅन्सल कर ना."

"जाते. सगळे आहेत बरोबर."

"एक्झॅक्टली," ती म्हणाली.

बोटीवर शंभराच्या आतबाहेर माणसं होती. एकच जेवणघर, एकच लाउंज, वर एक डेक. प्रत्येक केबिनला एक सेवक नेमलेला. माझ्या केबिनचा होता तो फिलिपिन्सचा, फार अदबीचा. संध्याकाळी लाउंजमध्ये एक इतिहासाच्या बाई दुसऱ्या दिवशीच्या बेटाची माहिती द्यायच्या. खडकात कोरलेल्या संतांच्या झोपड्या, रेघांच्या लिपीतले दगड, बोटींतून पळालेले भिक्षू. बोटीवरून बेटावर जाताना रबरी होडीत बसायचं, खलाशी मनगट नाही तर कोपराखालचा हात धरून उतरवायचे. परत चढताना बुटांचे तळ गुलाबी औषधात घासून धुवायचे, म्हणजे एका बेटाचा रोग दुसऱ्या बेटाच्या पक्ष्यांना लागू नये. मला ती बोट पहिल्याच दिवशी आवडली. इतक्या लहान जागेत कोणीही कोणापासून लांब राहू शकत नव्हतं.

पहिल्या रात्रीच्या जेवणाला आम्ही सात जण एका गोल टेबलाशी बसलो. सूप झाल्यावर मी चमचा खाली ठेवला आणि डॉक्टरांना म्हटलं, "जेवल्यावर इथे, बरगड्यांच्या खाली, मूठ ठेवल्यासारखं वाटतं हो."

त्यांनी लगेच खिशातून औषधांचा पाऊच काढला. ग्रुपच्या प्रत्येक ट्रिपला तो पाऊच असतो. "गॅस असेल वहिनी. विमान, वेळेचा फरक, हे चीज. ही घ्या रात्री एक."

तीच कॅप्सूल.

आमच्या ग्रुपमधला इंजिनिअर म्हणाला, "डॉक्टर, मलाही द्या एक, आगाऊ." सगळे हसले. माझ्या शब्दांनी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नव्हतं. मला आनंद झाला. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. त्यांना जर तिथेच आठवलं असतं तर माझी पुढची चार वाक्यं वाया गेली असती.

तिसऱ्या दिवशी समुद्रातून सरळ वर आलेल्या दोन सुळक्यांभोवती आम्हाला रबरी होड्यांतून फिरवलं. एका सुळक्यावर हजारो पांढरे पक्षी बसलेले, लांबून बर्फ वाटावा असे. दुसऱ्यावर वर कुठेतरी भिक्षूंच्या दगडी झोपड्या. परतल्यावर डेकवर गरम चॉकलेट मिळत होतं. डॉक्टर फोटो बघत उभे होते.

मी म्हटलं, "दुखणं आता पाठीला आरपार जातं. पुढे वाकलं की जरा बरं वाटतं."

त्यांनी फोनवरून नजर उचलली. "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीपासून आणि तुम्ही आत्ता सांगताय?"

"घरात डॉक्टर नाही ना माझ्या."

त्यांनी फोन खिशात ठेवला, परत काढला. मी चॉकलेटचा कप न पिता कठड्यावर ठेवून खाली गेले. ते प्यायची फार इच्छा होती, हेही सांगायला हवं. थंडीने हात गोठले होते. पण ज्या बाईला पोटात दुखतं ती असलं काही पीत नाही. त्या दिवसापासून मला ताटात अन्न टाकायची सवय करावी लागली. बोटीवरचा आचारी माझ्यासाठी मुद्दाम शाकाहारी जेवण करायचा, कधी भोपळ्याचा पाई, कधी लोण्यात परतलेल्या समुद्री भाज्या. मी दोन घास खाऊन ताट सरकवायचे आणि केबिनमध्ये जाऊन घरून नेलेला चिवडा खायचे. सेवकाला गादीवर शेंगदाणे सापडायचे. तो रोज ते मुकाट्याने झाडायचा.

पाचव्या दिवशी एका बेटावर, दगडी बांधांच्या जाळ्यातून चालून आल्यावर, चहाच्या एका लहानशा घरात आम्हाला बसवलं. बाहेर वारा, आत ताज्या भाकरीसारखा वास. डॉक्टरांच्या बायकोने माझ्या कपात चहा ओतला. तिने माझ्या हातचा आणि मी तिच्या हातचा चहा हजारदा प्यायलेला आहे.

"नको," मी म्हटलं. "चहाचा वाससुद्धा नको वाटतो हल्ली."

"तुला? तुला चहा नको?" ती हसली. "अगं, लायब्ररीत तुझ्या टेबलाखाली किटली असायची."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कपाकडे. त्यांच्या हातातला स्कोनचा गोड पाव त्यांनी बशीत ठेवला आणि तो तसाच राहिला. त्या रात्री जेवायला ते दुसऱ्या टेबलावर, दोन अमेरिकन जोडप्यांत जाऊन बसले. तिथून त्यांना मी दिसत होते. जेवणघर तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट समुद्रात होती. डॉक्टरांची बायको माझ्या केबिनवर आली. मी चिवड्याची पिशवी उशीखाली सारली.

"काय चाललंय तुझं?" ती खुर्चीवर बसत म्हणाली. "तो सारखा तुझ्याबद्दल विचारतोय. जेवली का, किती जेवली, वजन उतरलंय का तिचं. मी म्हटलं, अरे, नवरा गेलाय तिचा, वजन उतरणारच."

"काही नाही गं. गॅस."

"तेच मी म्हणाले. तर माझ्यावर ओरडला. तीस वर्षांत हा माणूस माझ्यावर ओरडला नव्हता." तिने खुर्ची जवळ ओढली. "तुला खरंच काही होत असेल तर सांग बाई. आता आणखी नको."

ती चांगली आहे. नवऱ्याच्या शेवटच्या आठवड्यांत रोज डबा आणायची. तिला सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते डॉक्टरांना कळलं असतं आणि त्यांना बरं वाटलं असतं. त्यांना एक मिनिटही बरं वाटू द्यायचं नव्हतं. नवऱ्याला ज्या महिन्यांत बरं वाटायला हवं होतं, ते महिने यांनी विनोदात घालवले होते.

चौथं वाक्य मी हिरव्या गवताच्या एका बेटावर सांगितलं. तिथे एक जुना मठ आहे, आणि त्याच्यापुढे राजांना पुरलं असं सांगतात. इतिहासाच्या बाई पुढे बोलत होत्या, डॉक्टर मुद्दाम मागे राहून माझ्याबरोबर चालत होते. बहुतेक तेच विचारणार होते. मी त्यांना वेळ दिला नाही.

"पट्ट्याला आणखी एक भोक पाडावं लागलं," मी म्हटलं आणि जॅकेटची चेन उघडली.

पट्टा नवऱ्याचा होता. तपकिरी, पुरुषी, माझ्या पँटवर अर्धा वेढा जास्त जाणारा. शेवटचं भोक वाकडं होतं, कारण ते त्याने गॅरेजमध्ये खिळ्याने पाडलं होतं. तो पट्टा मी मुद्दाम नेला होता.

डॉक्टर त्या भोकाकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात, भराभर बोलायला लागले. "परवा आपण मोठ्या बंदरात आहोत. तिथे हॉस्पिटल आहे. मी बोटीवरच्या डॉक्टरशी बोललोय. आपण पोटाचं स्कॅन करून घेऊ. मी येतो बरोबर. कोणाला सांगायचं नाही."

"एवढ्यासाठी स्कॅन? गॅस असेल हो डॉक्टर. विमान, वेळेचा फरक, चीज."

हे वाक्य माझ्या पाचांत नव्हतं. आपसूक आलं. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी बघितलं आणि मला वाटलं, यासाठी मी आणखी दहा समुद्र ओलांडले असते.

त्या बंदराच्या बेटावर दगडांचं एक वर्तुळ आहे. उंच, चपटे, करडे दगड, माणसांनी हजारो वर्षांपूर्वी उभे केलेले, आणि नवऱ्याच्या त्याच जुन्या खडकाचे. नवऱ्याने त्याचे पट्टे पट्टे मला पुस्तकात दाखवले होते. डॉक्टर सकाळपासून हॉस्पिटलबद्दल काही बोलले नव्हते. बसमधून उतरल्यावर बाकीचे फोटोंसाठी पांगले. ते माझ्याकडे सरळ चालत आले. दाढी केलेली नव्हती.

"वहिनी, एक राहिलं."

"काय राहिलं?"

"खाज. पाचवं खाज होतं." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "मे महिन्यात त्याचा फोन आला होता. मी क्लिनिकमधून निघत होतो. म्हणाला, अंगाला सारखी खाज सुटते रे, झोप लागत नाही. मी म्हणालो, ह्यूस्टनचा घाम आहे, साबण बदल."

माझ्या वहीत एवढंच होतं, 'आज म्हणाला, सारखी खाज सुटते.' त्याने फोन केल्याचं मला माहीत नव्हतं. त्याने साबण मात्र बदलला होता. मीच दुकानातून आणला होता, ओट्सचा.

"कधी लक्षात आलं तुमच्या?" मी विचारलं.

"चहाच्या दिवशी. पट्टा बघून खात्री झाली."

"मग हॉस्पिटलचं कशाला काढलंत?"

"खात्री मला त्याच्या वेळीही होती," ते म्हणाले. "गॅसची."

वारा इतका होता की आम्हाला जवळ उभं राहून बोलावं लागत होतं. लांबून कोणाला वाटलं असतं, दोन जुने मित्र एकमेकांना धीर देताहेत.

"म्हणजे सगळं आठवत होतं तुम्हाला. पाचही. तरी हॉलमध्ये अचानक म्हणालात."

"काय म्हणणार होतो मी, वहिनी? तुम्ही समोर बसला होतात."

"समोर बसले होते म्हणूनच खरं बोलायला हवं होतं."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना? खरंच?"

"ठणठणीत."

ते गवतावर खाली बसले. त्यांच्या पँटला ओल लागत होती, ते बसून राहिले. मी म्हटलं, "उद्या शेवटचं जेवण आहे. सगळ्यांसमोर सांगा. मराठीत सांगा, इंग्रजीत नको."

"आणि मग?"

"मग काही नाही."

बसने हॉर्न दिला. आम्ही परत निघालो, आणि बस निम्म्या रस्त्यात आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्या दगडांना हात लावलाच नाही. नवरा आयुष्यभर ज्याच्याबद्दल बोलला त्याच्यापासून मी दोन पावलांवर उभी राहून त्याच्याच मित्राशी भांडत होते. त्याला हे आवडलं नसतं. तो भांडणारा माणूस नव्हता. म्हणून तर त्याचं असं झालं.

शेवटच्या जेवणाला सगळे नटून आले होते. बायकांनी सिल्कच्या साड्या बाहेर काढल्या होत्या. गोड पदार्थ यायच्या आधी डॉक्टरांनी ग्लास बाजूला केला आणि उभे न राहता, आमच्या टेबलापुरत्या आवाजात म्हणाले, "मला एक सांगायचं आहे. तो अचानक गेला नाही. त्याने मला दिवाळीतच सांगितलं होतं. पाच वेळा सांगितलं. मी गॅस म्हणालो. पोट मी एकदाही तपासलं नाही."

मला हवं होतं त्यापेक्षा ते जास्तच होतं. मी दहा महिने त्याची वाट बघितली होती.

त्यानंतर जे झालं त्याचा मी विचार केला नव्हता. डॉक्टरांची बायको रडायला लागली. इंजिनिअर उठला आणि त्याने डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, तू काय देव आहेस का? हा असला कॅन्सर कोणालाच कळत नाही, यार." दुसरा म्हणाला, "एवढं तरी कोण बोलून दाखवतं? मानलं तुला." एकीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "तुम्ही नका लावून घेऊ मनाला. किती दिवस एकट्याने वागवलंत हे." दोन मिनिटांत दुःख माझ्या खुर्चीवरून उठून डॉक्टरांच्या खुर्चीवर जाऊन बसलं होतं. सगळे त्यांचं सांत्वन करत होते. जे वाक्य मी त्यांच्या घशातून ओढून काढलं त्याच्यामुळे ते आणखी मोठे झाले.

मग ती पाठीवरून हात फिरवणारी माझ्याकडे वळली. "सांग ना गं त्यांना, तुझ्या मनात काही नाही म्हणून."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांनीही.

"आहे," मी म्हटलं.

वेटरने गोडाच्या बश्या आणल्या, बघितलं आणि हळूच एकेक ठेवून गेला. मी माझी बशी पुढे ओढली आणि सगळी संपवली. तिसऱ्या दिवसानंतर बोटीवरच्या जेवणघरात मी पोटभर खाल्लेला तो पहिला पदार्थ.

एक गोष्ट मी तिथे बोलले नाही. सात महिने ओव्याचं पाणी मी दिलं होतं. गॅस हे उत्तर मलाही आवडलं होतं, कारण त्या हिवाळ्यात माझ्या निवृत्तीची गडबड चालली होती आणि मला घरात आजार नको होता. डॉक्टरांच्या वाक्यात माझं नाव नव्हतं. ते असायला हवं, हे मला माहीत होतं. पण ते घालायचं तर त्यांच्याबरोबर एका बाकावर बसावं लागलं असतं, आणि तेवढी जवळीक मला नको होती.

परतीच्या विमानतळावर इंजिनिअरचा घोटा सुजला. तो खुर्चीवर पाय ठेवून बसला होता आणि डॉक्टर त्याच्यापासून तीन खुर्च्यांवर होते. त्याने पँट वर केली, घोटा दाबला, डॉक्टरांकडे एकदा बघितलं आणि पँट खाली केली. "घरी गेल्यावर दाखवतो कोणाला तरी," तो बायकोला म्हणाला. डॉक्टरांनी ऐकलं. पाऊच त्यांच्या मांडीवर होता.

शुगर लँडला आल्यावर ते तसंच चालू राहिलं. कोणी ठरवून काही केलं नाही. डॉक्टरांना सगळे बोलावतात, त्यांच्याशी क्रिकेट बोलतात, राजकारण बोलतात, पूर्वीपेक्षा जरा जास्तच गोड बोलतात. पण कोणी बाही वर करत नाही. कोणाची साखर वाढली, कोणाचा दात काढला, हे त्यांना आता तिसऱ्याकडून कळतं. क्षमा सगळ्यांनी केली, पण विचारायचं बंद केलं. हे मी मागितलं नव्हतं. मिळालं तेव्हा नाही म्हटलं नाही.

ऑक्टोबरात त्यांची बायको माझ्याकडे आली. ऊन अजून उतरलं नव्हतं, तिचा चेहरा गाडीतून दारापर्यंत येण्याने लाल झाला होता. मी चहा टाकला. ती ओट्यापाशी उभी राहून इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "तो प्रॅक्टिस बंद करायचं म्हणतोय."

"वय झालंय. करावी."

"त्याचं नाही गं. क्लिनिकमध्ये पेशंट येतातच. आपली माणसं विचारत नाहीत, त्यामुळे खचलाय तो. परवा पार्टीला गेलो तर गाडीतच बसून राहिला." तिने माझ्याकडे बघितलं. "तू विचार त्याला काहीतरी. तू विचारलंस की बाकीचे विचारतील."

"काय विचारू?"

"काहीही. ढोंग तर येतंच तुला करता." ती हे रागाने म्हणाली नाही.

मी कप काढायला वरच्या फळीकडे वळले. उजवा खांदा जुलैपासून धरला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. मी डाव्या हाताने कप काढले. ती बघत होती.

"खांदा धरलाय ना तुझा? फ्रोझन शोल्डर असेल. मलाही झालं होतं, त्याने चार व्यायाम सांगितले आणि महिन्यात मोकळा झाला." तिचा आवाज एकदम हलका झाला. "हेच विचार की. खोटं बोलायलाही नको. मी आत्ता फोन लावून देते."

तिने पर्समधून फोन काढलाही. स्क्रीनवर त्यांचं नाव आलं होतं, तिचा अंगठा त्याच्यावर थांबला होता.

"नको," मी म्हटलं.

"दुखत असेल की."

"दुखतं."

"तुला त्याची दया येत नाही?"

मी चहा गाळला. तिच्या कपात थोडी साखर जास्त घातली, तिला तसा लागतो. "येते," मी म्हटलं. "पण विचारणार नाही."

तिने फोन पर्समध्ये ठेवला. चहा मात्र पूर्ण प्यायली, कप धुऊन ठेवला, आणि जाताना माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवून गेली, उजव्यावर नाही. मी दार लावलं. मग डाव्या हाताने केस सोडवले आणि डाव्याच हाताने विंचरायला बसले. वेणी काही नीट पडली नाही. पुन्हा सोडून पुन्हा घातली.